आखाजीच्या उन्हातला समुद्र

"तिना म्होरे घागरनं नाव काढू नका," मोठी काकू मागच्या अंगणात कुणाला तरी सांगत होती.

काकूचा हळू आवाजही शेजारच्या घरात पोचतो. जिच्यासमोर नाव काढायचं नव्हतं ती माझी आई माझ्यापासून हातभर अंतरावर सांजोऱ्यांसाठी रवा भाजत होती. तिने ऐकलं. तिचं उलथनं थांबलं नाही, पण रवा हवा त्यापेक्षा लाल होऊ लागला. मी गॅस बारीक केला. आम्ही एकमेकींकडे पाहिलं नाही. आमच्या घरात अलीकडे पुष्कळ गोष्टी अशाच होतात.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आम्ही दरवर्षी जळगावहून धुळ्याला येतो, आबांकडे. आबा म्हणजे पप्पांचे मोठे भाऊ. घरातल्या गेलेल्या माणसांची घागर त्यांच्याच दारात भरली जाते. नवी मातीची घागर पाण्याने भरायची, तिच्या तोंडावर छोटं मडकं, त्यावर खरबूज, आंबे, सांजोऱ्या. मग उंबरठ्यावर कुंकवाचं एकेक बोट उमटवत एकेकाचं नाव घ्यायचं. या दिवशी गेलेली माणसं घरी येतात आणि पाणी पिऊन जातात, असं इकडे मानतात. वैशाखातलं धुळ्याचं ऊन पाहिलेल्या माणसाला हे पटवून द्यावं लागत नाही. वर्षात कुणी गेलं असेल तर आमच्या घरात त्याची पहिली घागर वेगळी मांडतात.

यंदा प्रश्न माझ्या भावाचा होता.

हर्षलदादा मालवाहू जहाजावर अधिकारी होता. दिवाळी संपून फराळाचे डबे तळाला आले होते तेव्हा फोन आला. जहाज भर समुद्रात असताना एका सकाळी तो कामावर आला नाही. त्यांनी सगळं जहाज शोधलं, मग मागे फिरून समुद्र शोधला, आणि मग शोध थांबवला. नेमकं काय झालं ते कुणालाच सांगता आलं नाही. आम्हाला जो शब्द मिळाला तो 'बेपत्ता' असा होता. आईने तो शब्द घट्ट धरून ठेवला. बेपत्ता म्हणजे पत्ता सापडत नाही, एवढंच. माणूस नाही असं त्यात कुठे म्हटलंय?

जिवंत माणसाच्या नावाने घागर भरायची म्हणजे आपल्या हाताने त्याला पितरांत बसवायचं. आणि गेलेल्याची घागर भरली नाही तर तो दारात येऊन तसाच परत जाणार. आई सगळा उन्हाळा या दोन्हींच्या मध्ये उभी होती. तिच्याशी याबद्दल बोलायची हिंमत पप्पांना नव्हती, आबांना नव्हती. मी तर मुळातच कमी बोलते.

माझ्या पिशवीत एक पुस्तक होतं. जुनं, इंग्रजी, मुखपृष्ठावर शिडांचं लढाऊ जहाज आणि त्याच्या कुशीतून निघालेला तोफांचा धूर. मी नोकरीला पुण्यात असते; तिथून निघताना मी ते का घेतलं, मला सांगता येणार नाही. गाडीत उघडलं नाही. इथे आल्यावर दुपारी सगळे आडवे झाले तेव्हा उघडलं, तर काकू पाण्याचा तांब्या घेऊन आली.

"काय वाची ऱ्हायनी व?"

"जहाजांचं आहे, काकू."

"म्हंजे जहाजनी पोथी शे म्हन की. रोज एक अध्याय का?" ती हसली, आणि मग तिला आठवलं. पदराचं टोक तोंडाशी धरून ती तशीच उभी राहिली. तांब्या माझ्याजवळ ठेवायचा राहून गेला. मीच तिच्या हातातून घेतला.

*

मी सातवी संपवली आणि दादाने दहावीची परीक्षा दिली, तो उन्हाळा. त्याचा निकाल लागायचा होता, त्यामुळे त्याला कुणी काही करायला सांगत नव्हतं. आमचं घर जळगावच्या एका कॉलनीत वरच्या मजल्यावर, गच्चीच्या अगदी खाली. दुपारी छत तापलं की भिंतीला टेकवत नसे. कूलर चालू असला की वाळ्याचा ओला वास आणि पंपाची खुटखुट. लाइट गेली की ते दोन्ही बंद. मग आम्ही फरशीवर पाणी शिंपडून त्यावर पोट टेकून पडायचो.

फुले मार्केटच्या मागे एका रद्दीवाल्याकडे इंग्रजी पुस्तकं किलोवर मिळत. दादाने तिथून पोतंभर आणली. त्यात एका मालिकेचे काही भाग निघाले, सगळे एकाच कप्तानाचे. दोनशे वर्षांपूर्वीचा इंग्रजी आरमारातला माणूस. गरीब घरचा, लाजरा, बोटीवर चढला की पहिले काही दिवस उलट्या करणारा. आम्हाला पहिला भाग कधीच मिळाला नाही. जो हाताला लागला तो नववा होता. त्यानंतर चौथा, मग सहावा. त्यामुळे चौथ्या भागात तो कप्तान फुटक्या होडीत बसून वादळात सापडला, तरी आम्ही निर्धास्त असायचो. नवव्यात तो पोट सुटलेला आणि कानाने जरा कमी ऐकणारा झालेला आम्ही पाहिला होता. चौथ्यात तो मरणार कसा?

त्या पुस्तकांची सगळ्यात मोठी ओढ बहुतेक हीच होती, असं मला आता वाटतं. भीती खरी, लाटा खऱ्या, तोफेच्या गोळ्याने उडालेलं लाकूडही खरं, पण पुढचा भाग छापलेला आहे हे माहीत. आपल्या अंगाला समुद्र लागतो आणि आपण बुडत नाही.

बाहेर पंचेचाळीस डिग्री असायचं आणि आम्ही दोरांवर चढलेल्या बर्फाबद्दल वाचत असायचो. खलाशी तो बर्फ कुऱ्हाडीने फोडतात. त्यांची बोटं बधिर होतात. दादा ते मोठ्याने वाचायचा आणि मी खरोखर पाय पोटाशी घ्यायची. घरात गार वाऱ्याचा एवढा एकच झरोका होता, आणि तो रद्दीच्या भावात मिळाला होता.

निम्मे शब्द आम्हाला कळत नसत. त्या जहाजावरच्या प्रत्येक दोराला वेगळं नाव, प्रत्येक शिडाला वेगळं. शाळेच्या डिक्शनरीत त्यातलं काही नव्हतं. आधी आम्ही अडखळायचो, मग ते शब्द तसेच म्हणत पुढे जाऊ लागलो. पूजेत गुरुजी काय म्हणतात ते कुठे सगळं कळतं? पण काही तरी व्यवस्थित चाललंय, म्हणणाऱ्याला त्याचं काम येतंय, एवढं कळतं आणि बरं वाटतं. तसंच होतं ते.

संध्याकाळी ऊन उतरलं की गच्ची म्हणजे आमचं जहाज. पाण्याची टाकी म्हणजे कप्तानाची जागा. दादा तिच्यावर चढून उभा राही. खलाशी रोज सकाळी डेक घासतात, असं पुस्तकात होतं. सकाळी आम्हाला जाग येत नसे, म्हणून आम्ही संध्याकाळी बादल्या नेऊन गच्ची घासायचो. तापलेल्या स्लॅबवर पाणी पडलं की वाफ निघे.

आईचा आधी विश्वास बसेना. "हे पुस्तक कुणी लिहिलं रे? त्याचं भलं होवो. सांगून सांगून जीभ झिजली, पण झाडू कधी हातात धरला नव्हता."

"झाडू नाही आई, डेक स्क्रबिंग."

"जे असेल ते. जिन्यावरून पण उतर तुझं जहाज. जिना किती दिवस झाडला नाही."

गच्चीच्या एका अंगाला तिच्या कुरडया जुन्या साडीवर वाळत असत. तो भाग म्हणजे खडकाळ किनारा, तिकडे जहाज न्यायचं नाही, असा नियम होता. "कुरडईवर पाय पडला ना," ती खालून ओरडायची, "तर कप्तान असो नाहीतर त्याचा बाप, पाठ मऊ करीन."

दादा टाकीवरून हुकूम द्यायचा. मी कठड्याशी उभी राहून तो जसाच्या तसा परत म्हणायची आणि दोर ओढल्याचं करायची. मला त्या खेळात सगळ्यात जास्त काय आवडायचं ते मी त्याला कधी सांगितलं नाही. मी लाजरी मुलगी. शाळेत इंग्रजी बोलायचं, ते जमायचं, कारण तिथे सगळेच जपून बोलत. पण नातेवाइकांत गेलं की मी गप्प. माझी अहिराणी ऐकून सगळे हसायचे. एकदा मी धुळ्याला कुणाला तरी 'तुम्ही कसे शेतस' असं काहीसं विचारलं, तर चुलत बहिणींनी पुढचे चार दिवस मला मेमसाब म्हटलं. तेव्हापासून मी विचारायचंच बंद केलं. जहाजावर मात्र काय बोलायचं ते ठरलेलं असतं. हुकूम आला की तो परत म्हणायचा, आणि काम करायचं. 'अजून काय विशेष?' असं कुणी विचारत नाही. जगात अशी एक जागा आहे जिथे न बोलणाऱ्या माणसाला कुणी घुमा म्हणत नाही, हे मला त्या गच्चीवर कळलं.

त्याच उन्हाळ्यात आखाजीला आम्ही पुस्तकं घेऊनच धुळ्याला आलो होतो. लिंबाला झोके टांगलेले, माहेराला आलेल्या मुली गाणी म्हणताहेत, ओट्यावर आबा आणि त्यांचे मित्र पत्ते खेळताहेत. आखाजीला पत्ते खेळले तर कुणी काही म्हणत नाही. आबांनी पत्त्यांतून मान वर करून दादाच्या हातातलं पुस्तक पाहिलं.

"कोना बोटी शेतस या? इंग्रजसना ना?"

"हो आबा. लढाऊ जहाजं."

"आपला कापूस असल्याच बोटीस्वर गया. आनि तू त्यासनाच जयजयकार करी ऱ्हायना!" ते मित्रांकडे वळले. "ह्या कप्तानले सांगा, आम्हना कापूसनं काय करं म्हना!"

सगळे हसले. दादाही हसला, पण रात्री अंथरुणावर तो बराच वेळ त्याबद्दल बोलत होता. आबांचं बरोबर आहे, म्हणाला. ते गोळे कधी ना कधी आपल्यासारख्यांच्याच गावांवर पडले असणार. मग आपण कप्तानाच्या बाजूने का असतो?  तोच म्हणाला, "तो घाबरतो ना, म्हणून. तो घाबरतो आणि तरी कुणाला कळू देत नाही. झेंडा कुठला का असेना."

याहून चांगलं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

*

माझ्या ऑफिसात मी जे काम करते ते मी आईला आजवर नीट समजावू शकलेले नाही. स्क्रीनवरच्या एका खिडकीतलं दुसऱ्या खिडकीत जातं, आणि महिनाअखेर बरोबर गेलं की नाही यावर मीटिंग होते. जेवणाच्या सुट्टीत मी हेच पुस्तक काढलं तेव्हा शेजारचा मुलगा म्हणाला, "अजून कोण वाचतं हे?"

मलाही वाटायचं, कुणी नसेल. पण नेटवर पाहिलं तर ही पुस्तकं वाचणाऱ्यांचे मोठाले गट आहेत. कुणी दातांचा डॉक्टर, कुणी हिशेबनीस, कुणी शाळेत विज्ञान शिकवणारी बाई. बहुतेकांनी समुद्र सुट्टीत पाहिलेला, चप्पल हातात घेऊन. हे लोक एका दोराच्या गाठीवर आठवडाभर वाद घालतात. वारा ईशान्येचा असताना कप्तानाने जहाज तसं वळवायला हवं होतं का, यावर भांडतात आणि मग एकमेकांची माफी मागतात. मी तिथे कधी लिहिलं नाही. नुसती वाचत राहिले, आणि हळूहळू मला समजलं की या सगळ्यांना कसली तहान आहे.

त्या जहाजावर प्रत्येकाला त्याची जागा माहीत असते. काम हाताने होतं आणि झालेलं दिसतं: शीड चढलं की जहाज चालतं. आज आपण केलेलं काम कुठे जातं, कुणाला दिसत नाही. आणि दुसरं म्हणजे तिथे कुणी कुणाला सापडत नाही. कप्तानाला मिळालेला हुकूम महिन्यांपूर्वीचा असतो, घरून आलेलं पत्र त्याहून जुनं. मध्ये फक्त पाणी आणि त्याची अक्कल. 'कुठे पोचलास?' असं विचारणारं कुणी नाही. ज्यांच्या खिशातला फोन दर दोन मिनिटांनी थरथरतो त्यांना हे वाचताना छातीत मोकळं वाटणारच. मलाही वाटायचं.

आता वाटत नाही. आता तीच पानं वाचताना मला पत्राच्या दुसऱ्या टोकाचं घर दिसतं. माझ्या फोनमध्ये दादाला पाठवलेला शेवटचा मेसेज आहे. 'आई विचारतेय, शंकरपाळे कुठल्या बंदरात पाठवू?' त्याच्यापुढे अजून एकच खूण आहे. दुसरी उमटलीच नाही. मी तो पुसत नाही आणि त्याखाली काही लिहीतही नाही.

त्या सगळ्या भागांत कप्तानाची बायको आहे, आई आहे, बहीण आहे. त्यांना प्रत्येक पुस्तकात मिळून अर्धं पान मिळतं. त्या बंदरावर उभ्या राहतात, रुमाल हलवतात, आणि पुढच्या ओळीला जहाज खोल पाण्यात असतं. पुढे तीनशे पानं लढाया. त्या तीनशे पानांत त्या घरी काय करत होत्या? भाजी निवडत होत्या का? कुणी दार वाजवलं की त्यांच्या हातातलं भांडं पडायचं का? लिहिणाऱ्याने कधी विचारलं नाही, आणि खरं तर आम्हीही ते अर्धं पान भराभर उलटायचो. आता मी त्याच अर्ध्या पानात राहते. इथे वारा नाही, हुकूम नाही, करायला काही काम नाही. इथे आई आहे, आणि ती आठ दिवसांनी एकदा दादाचा कपाटातला इस्त्रीचा शर्ट काढून परत धुते, वाळवते, घडी करून ठेवते.

पुस्तकांमुळे तो समुद्रावर गेला का? पप्पा हे बोललेले नाहीत. पण ते आता दादाच्या खोलीत गेले की पुस्तकांच्या फळीकडे पाठ करून बसतात.

मी एकदा दादालाच विचारलं होतं. पहिल्या सुट्टीत तो आला तेव्हा काळा पडला होता आणि वाढलेल्या ताटाकडे बघत राहायचा. मी म्हटलं, "कसं आहे? पुस्तकातल्यासारखं?"

"काय सांगू तुला! शीड नाही, दोर नाही. लोखंड आणि गंज. आम्ही गंज खरवडतो आणि रंग लावतो, रंग लावतो आणि गंज खरवडतो. मोकळ्या वेळात प्रत्येक जण आपापल्या खोलीत बसून सिनेमे बघतो." मग आवाज उतरवून म्हणाला, "पण पहाऱ्यावर एकटा असलो ना, की तोच समुद्र असतो. आपल्या गच्चीवरचा. कुठेच संपत नाही गं तो. चहूकडे बघितलं तरी काठ नाही. पहिल्या दिवशी मला चक्करच आली. आपण असं पाणी कधी पाहिलंच नाही ना."

खरंच पाहिलं नव्हतं. आमचं पाणी म्हणजे विहीर, पाट, गिरणेचं धरण, फार तर पुरात फुगलेली तापी. या सगळ्याला पलीकडची बाजू असते. तापीला कितीही पूर आला तरी पलीकडच्या गावातली झाडं दिसतात. आईच्या डोक्यातला समुद्र हा असाच आहे, मोठी तापी. दादाला मामाने धरणगावच्या मळ्यातल्या विहिरीत पोहायला शिकवलं होतं, पाठीला रिकामा डबा बांधून. पुढे डबा सोडून तो वरून उड्या मारायचा. फोन आला त्या दिवशी आई जे पहिलं वाक्य बोलली ते हेच: "त्याला पोहता येतं." ती ते कुणाला समजावत नव्हती. भाजीत मीठ घातलंय, तसं तिने सांगितलं.  

*

आखाजीच्या सकाळी आबांनी उंबरठा स्वतः धुतला. काकूने रांगोळीची दोन बोटं ओढली. पितरांची घागर भरून पाटावर मांडलेली होती, वर छोटं मडकं, त्यावर खरबूज. आतून आमरसाचा वास येत होता. लांबवर कुठे तरी झोक्याची दोरी करकरत होती आणि मुली हसत होत्या.

दाराआड, फडक्याने झाकलेली, दुसरी एक घागर होती. नवी आणि रिकामी. आबांनी ती गुपचूप आणून ठेवली होती. फडकं लहान पडलं होतं आणि लाल काठ दिसत होता. आईने तो पाहिला.

माझी आई आबांसमोर डोक्यावरून पदर न घेता कधी आली नाही आणि त्यांच्याशी कधी सरळ बोलली नाही. काही सांगायचं असलं तर काकूकडून किंवा पप्पांकडून. त्या दिवशी पदर खांद्यावर घसरलेला होता आणि ती थेट त्यांच्याकडे बघत होती.

"ही कोनी शे?"

जळगावात ती कधी अहिराणी बोलत नाही. माझ्या शाळेमुळे तिने ती घरातही सोडली होती. तिचा तो आवाज मी कित्येक वर्षांनी ऐकला.

आबांनी हातातलं कुंकवाचं ताट खाली ठेवलं. "मी आनी शे, पोरी. भरानी का नही ते तू सांगशी तसं. तू नही म्हनशी तर मी आत्ते तिले परत लई जास. कोनी काही बोलाव नही."

"मना हर्षू विहीरमा पव्हाले शिकेल शे," आई म्हणाली. "कोठे ना कोठे काठले लागना व्हई."

 पप्पा भिंतीचा आधार घेऊन उभे होते. काकू रडत होती, आवाज न करता. तिला ते जमतं हे मला माहीत नव्हतं. आबांनी मान खाली घातली. या घरात आईला उत्तर द्यायची हिंमत कुणात नव्हती, कारण उत्तर द्यायचं म्हणजे तिच्या मुलाला तिच्यासमोर बुडवायचं.

मग आई माझ्याकडे वळली.

"तू सांग," ती म्हणाली. आता मराठीत, आमच्या घरातल्या रोजच्या आवाजात, दूध उतू गेलं का असं विचारावं तशी. "तू वाचतेस ना ते सगळं. तू आणि तो मिळून वाचायचात. लागतो ना माणूस काठाला?"

सगळे माझ्याकडे बघू लागले.  हुकूम देणारं कुणी नव्हतं. परत म्हणायला कुणाचे शब्द नव्हते.

पुस्तकात लागतो. मला अशी डझनभर पानं आठवत होती. फळकुटाला धरून राहिलेला, बेटावर जाऊन पडलेला, सगळ्यांनी आशा सोडल्यावर दारात येऊन उभा राहिलेला. मी 'हो' म्हटलं असतं तर ते खोटं ठरलं नसतं; तिने विचारलं तेच मी सांगितलं असतं. आबांनी घागर परत नेली असती. आईने आणखी एक वर्ष तो शर्ट धुतला असता. पुढच्या आखाजीला तिने मला पुन्हा हेच विचारलं असतं, आणि मी पुन्हा हो म्हटलं असतं.

पण त्याच पुस्तकांत दुसरीही पानं आहेत. होडीत बसलेली माणसं, पिंपातलं गोडं पाणी संपलेलं, ओठ फुटलेले, आणि नजर जाईल तिथवर पाणीच पाणी. ती पानं दादा मोठ्याने वाचत नसे. "हे तू वाचू नकोस," म्हणायचा आणि पुढच्या प्रकरणावर जायचा. मी नंतर ती एकटीने वाचली होती.

बाहेर ऊन चढत होतं. आईचा हात दाराच्या चौकटीवर होता. मी जवळ जाऊन तो धरला. तो हात गार होता, वैशाखात.

"आई," मी म्हणाले, "त्या पाण्याला काठ नसतो गं. आणि ते पिताही येत नाही. दादाची घागर भर."